निर्णायक मत

रस्त्यात झाड आडवं टाकलेलं, म्हणून बस थांबली. ‘‘काय भानगड आहे?’’ असं ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं. बंदुकीच्या दस्त्याने त्याचे पुढचे दोन दात स्टिअरिंगवर पाडले. तेवढंच उत्तर.

तिघं वर चढले. मफलर गुंडाळलेला बोलायचा, बाकीचे दोघं नुसत्या बंदुका धरायचे.

‘‘गेल्या मंगळवारी माझा भाऊ मेला,’’ मफलरवाला म्हणाला. ‘‘तो कुठल्या वळणावर उतरतो, हे नाक्यावरच्या सैनिकांना कुणीतरी सांगितलं. सांगणारा या सकाळच्या बसमध्ये रोज असतो. एक माणूस द्या. बाकीचे कामावर वेळेत पोचाल.’’

सांगितलं होतं कंडक्टरने. बसमध्ये हे एकट्या कंडक्टरला माहीत होतं.

मफलरवाला हसला. ‘‘आम्ही काही हुकूमशहा नाही. जनतेसाठी लढतो, तेव्हा जनताच ठरवेल. मतदान घ्या.’’

मताधिकार.

वकिलाचा कारकून उभा राहिला. ‘‘पुराव्याशिवाय कुणालाही असं...’’ दस्ता गुडघ्यावर बसला. वाटी फुटल्याचा आवाज मागच्या सीटपर्यंत गेला. कारकून मधल्या वाटेत आडवा झाला.

‘‘माझी मुलगी सोळाची आहे,’’ एक आई म्हणाली.

‘‘अठराच्या खाली मत नाही.’’

‘‘नसू दे. पण जिला मत देता येत नाही, तिला मत पडताही कामा नये. लिहून घ्या, कंडक्टरदादा.’’

मफलरवाल्याने मान डोलावली. तेवढ्यात एका टकल्याने आपलंही वय सतरा असल्याचं सांगून पाहिलं. कुणी हसलं नाही.

‘‘निवडणूक मी घेतो,’’ कंडक्टर म्हणाला. ‘‘घेणाऱ्याने स्वतः उभं राहायचं नसतं.’’ हे वाक्य आपल्याला इतक्या पटकन कसं सुचलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

गुप्तता.

नावं नकोत, सीटचे नंबर लिहा. तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. कंडक्टरच्या कानामागची पेन्सिल या सीटवरून त्या सीटवर फिरली. जो तो परीक्षेतल्यासारखा तळहाताचा आडोसा करून लिहीत होता. खालून कारकुनाने हात वर केला. ‘‘माझं राहिलं.’’ त्यानेही लिहिलं, रक्ताची बोटं उमटलेलं तिकीट चार घड्या घालून दिलं.

मोजणी.

नऊ: अकरा.
बावीस: अकरा.
कोरी: दोन.
ड्रायव्हर: एक.
पन्नास: एक. या बसला सीटाच चाळीस आहेत.

नऊवर निवृत्त शिक्षिका होत्या. अर्ध्या बसला त्यांनी पाढे शिकवलेले, कंडक्टरलाही. नवरा नाही, मूल नाही, मागे रडायला कुणी नाही. बावीसवर रेडिओ दुरुस्त करणारा. चार महिन्यांपूर्वी आलेला, कुणाच्या नात्यातला ना गोत्यातला. लोकांनी विचार करून मत दिलं होतं.

‘‘बरोबरी झालीय,’’ कंडक्टर म्हणाला. ‘‘नऊ आणि बावीस.’’

‘‘मग दोघंही,’’ मफलरवाला म्हणाला.

‘‘तसं... तसं नसतं,’’ कारकून खालून कण्हला. ‘‘समसमान मतं पडली, तर अध्यक्षाचं निर्णायक मत असतं. नियम आहे.’’

मफलरवाल्याला नियम आवडला. त्याने बंदुकीची नळी कंडक्टरच्या हनुवटीखाली टेकवली. ‘‘द्या मग. दहा मोजतो.’’

एक. दोन. तीन. कंडक्टरला आणखी एक नंबर माहीत होता, दारालगतच्या त्याच्या स्वतःच्या सीटचा. तो एकाही तिकिटावर नव्हता. सहा. सात. त्याने तोंड उघडलं. आठ. न...

‘‘बावीस.’’

रेडिओवाला उठला. ‘‘नवीन माणसाचं असंच असतं,’’ तो म्हणाला. पिशवीतून एक रेडिओ काढून त्याने सात नंबरच्या काकांच्या मांडीवर ठेवला. ‘‘झालाय दुरुस्त. फक्त सेल घाला.’’ काकांनी रेडिओकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही.

खाली उतरवून त्याला पुढच्या चाकाजवळ गुडघ्यांवर बसवलं. पहिली गोळी खांद्यात गेली. ‘‘अहो, थांबा, थांबा,’’ तो म्हणाला, बस सुटत असावी तसा. दुसरी तोंडात. तिसरीची गरज नव्हती. पण तिघं होते, प्रत्येकाला एकेक झाडायची होती.

‘‘मतदान शांततेत पार पडलं,’’ मफलरवाला म्हणाला. तिघांनी झाड बाजूला ओढलं आणि ते उतारावरून गेले.

ड्रायव्हरने तोंडाला रुमाल बांधला, गिअर टाकला. बस निघाली. मग नऊ नंबरवरून बाई उठल्या आणि दांड्यांना धरत धरत कंडक्टरपाशी आल्या.

‘‘मला किती पडली?’’

‘‘थोडी, बाई. जाऊ द्या ना आता.’’

‘‘थोड्यांची बरोबरी होते होय रे?’’

बाईंनी मागे वळून सगळ्या सीटांवरून एकदा नजर फिरवली. प्रत्येकाला खिडकीबाहेर काहीतरी दिसत होतं.

‘‘तो तरी होता ना?’’ बाईंनी विचारलं. ‘‘सांगणारा?’’

आता सगळ्या माना वळल्या. आईची, काकांची, टकल्याची, खालून कारकुनाचीही. एवढी माणसं त्याच्या तोंडाकडे पाहत होती. मघाशी नळी टेकली होती, तेव्हाही त्याला इतकं जड गेलं नव्हतं. किंवा इतकं सोपं.

‘‘तोच होता, बाई.’’

बसभर श्वास सुटला. कुणीतरी खिडकी उघडली. आई मुलीची वेणी नीट करू लागली. ‘‘मला वाटतच होतं,’’ कारकून म्हणाला.

‘‘बसा ना, बाई,’’ नऊच्या शेजारची सरकून म्हणाली. पलीकडचे सरकले. त्यांच्या मागचे सरकले. त्या बसमध्ये इतकी जागा कधी झाली नव्हती. बाई दांडा धरून उभ्या राहिल्या, शेवटच्या थांब्यापर्यंत.