सुया बरोबर आहेत

बाळाला गोधडीवर ठेवलं आणि ते रडायला लागलं.

सगळ्या जणी कौतुकाने हसल्या. पोस्टमास्तर तेवढी हसली नाही. ती काही खरी पोस्टमास्तर नव्हे. पोस्टात काउंटरवर बसायची, म्हणून गोधडी मंडळातल्या बायकांनी तिला ही बढती परस्पर देऊन टाकली होती. तिची नजर गोधडीच्या डाव्या कोपऱ्यावर खिळली होती. त्या कोपऱ्यात एक सुई होती. निदान दुसरीकडे कुठे सापडत नव्हती.

मागच्या शनिवारी शेवटचे टाके घालताना तिचा दोरा तुटला आणि सुई आतल्या कापसात शिरली. तिने वरून चाचपलं, खालून चाचपलं. हाताला काही लागेना. तेवढ्यात चहा आला, आणि चहानंतर सुया मोजायची वेळ झाली. मंडळात नियम असा हा एकच. उठताना प्रत्येकीने आपली सुई टाचण्यांच्या उशीवर टोचायची, बाईंनी सगळ्या मोजायच्या, आणि एक जरी कमी भरली तरी ती मिळेपर्यंत गोधडी दाराबाहेर जायची नाही. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची मोजणी आजवर एकदाही चुकली नव्हती. गल्लीत मूल जन्मलं की गोधडी मंडळाची, हे ठरलेलंच होतं. पण मंडळाला गोधड्यांपेक्षा त्या मोजणीचाच जास्त तोरा होता.

पोस्टमास्तरने पर्समधली स्वतःची सुई काढली आणि गुपचूप उशीवर टोचली.

“बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या.

ती बोलली का नाही? धाक होता म्हणून नव्हे. धाकाची तिला सवय होती. घरी सासूबाई तिने घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. ऑफिसात साहेब तिने मारलेल्या शिक्क्यावर पुन्हा शिक्का मारायचे. दवाखान्याच्या वरच्या या खोलीत मात्र तिने एक चौकोन चक्क उलटा शिवला, तेव्हा औषधांच्या दुकानवाली म्हणाली होती, “असू दे गं, एखाद्याला पाठ करून झोपायची सवय असते.” त्या हशात सगळ्यात मोठ्याने तीच हसली होती. आठवड्यातले हे दोन तासच काय ते तिचे. त्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर साऱ्यांना शिवलेलं उसवावं लागलं असतं, आणि तरी कुणी तिला एक शब्द बोललं नसतं. ओरडणाऱ्यांचं एक बरं असतं, हिशेब जागच्या जागी मिटतो. न ओरडणाऱ्यांचं देणं डोक्यावर राहतं.

सुई जमिनीवरच पडली असणार, असं तिने आठवडाभर स्वतःला बजावलं. गोधडी धुवायला म्हणून बाईंनी घरी नेली होती, त्यामुळे पुन्हा चाचपायचीही सोय नव्हती. आज ती सगळ्यांच्या आधी आली. चटया झटकल्या. तळव्याने फरशी पुसून काढली. कपाटाखाली हात घातला, तर धूळ मिळाली आणि एक बटण. मग जिन्यात मंडळातल्या नर्सचा आवाज आला. मागोमाग तिची लेक, आणि लेकीच्या कुशीत महिन्याभराची नात.

“भूक लागली असेल,” रडणाऱ्या बाळाकडे बघत कुणीतरी म्हणालं.

“आत्ता तर पाजलंय,” लेक म्हणाली. “थांबा, कूस बदलून बघते.” आणि तिने बाळाला डाव्या कोपऱ्याकडे वळवायला हात घातला.

“उचला तिला!” पोस्टमास्तर किंचाळली. “त्यात सुई आहे. माझी सुई आहे त्यात!”

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत नर्सने नातीला उचललं होतं. खिडकीशी नेऊन तिने बाळाचे कपडे काढले. पाठ, मान, पोटऱ्या, तळवे, सगळं बोट फिरवून पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. तोवर पोस्टमास्तरने सगळं सांगून टाकलं. दोरा, कापूस, पर्समधली सुई. मग ती मान खाली घालून उभी राहिली.

कुणीही ओरडलं नाही.

“आठवडाभर पोटात ठेवलंस होय!” औषधवाली म्हणाली. “पित्त झालं असतं की गं.”

टाचण्या उचलायचं लोहचुंबक होतं, ते बाईंनी कोपऱ्यावरून हळूहळू फिरवलं. एका जागी कापड टोकदार उचललं गेलं. दोन टाके कापले. सुई बाहेर आली, धुण्यात किंचित गंजलेली. पोस्टमास्तरला रडू फुटलं. नर्सची लेक डोळे पुसत गोधडी घ्यायला पुढे झाली.

बाईंनी गोधडी सोडली नाही.

“तू तुझी सुई टोचलीस, ती मी मोजायच्या आधी ना?”

“हो, बाई.”

“नक्की आधी?”

“आधीच. चहाचा कप ठेवला आणि टोचली.”

बाईंनी गोधडी पुन्हा पसरली. “अगं, मग तुझी धरूनसुद्धा एक कमी भरली होती. म्हटलं, ज्या कुणाची असेल ती ओशाळेल बिचारी. मी माझ्याजवळची एक जादा टोचली, आणि बरोबर आहेत म्हणाले.”

मग औषधवालीने बाईंच्या हातातून चुंबक काढून घेतलं आणि गोधडीवर ओळीने फिरवायला सुरुवात केली. बरोबर मध्यावर, जिथे बाळ ठेवलं होतं तिथे, कापड पुन्हा उचललं गेलं.

नर्सने नातीला छातीशी आवळून धरलं.

“बाई, असं याआधी किती वेळा झालं?”

बाईंनी उशीकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली गल्लीकडे.

“ते मी मोजलं नाही.”