लॉर्नाचा दगड

“टॅग लाव आणि जरा हस,” ग्लेंडा म्हणाली. “आजचा दिवस तू भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी.”

“मी इंग्रजी शिकलेय. दगड म्हटलं की मला फक्त ठेच आठवते,” मॅरेन म्हणाली.

कॉलेजात देणगीदारांचं जेवण होतं. दर वसंतात प्रत्येक देणगीदाराला त्याच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलासमोर बसवायचं, अशी इथली रीत. व्हर्नन हाउगेन आपल्या दिवंगत बायकोच्या, लॉर्नाच्या नावानं शिष्यवृत्ती देत. पण त्यांची यंदाची विद्यार्थिनी ब्रुक आईच्या आजारपणामुळे हिवाळ्यातच घरी गेली होती, आणि ते त्यांना कळवायचं राहून गेलं. देणगी विभागात कुणी फार टिकत नाही. जुनी मंडळी नोकऱ्या बदलून गेली, हाउगेनना पाहिलेलं ऑफिसात कुणी उरलं नाही. विभागप्रमुख ग्लेंडासुद्धा नवीच, आणि मॅरेन तर तिच्या हाताखाली नुकतीच लागलेली. घोळ तिला आज सकाळी कळला.

“खरं सांगून टाकू या ना,” मॅरेन म्हणाली.

“सांगणार आहे. उद्या मी स्वतः फोन करते, बोलणीही खाते. पण आज म्हातारा इतक्या लांबून आलाय. बायको गेल्यापासून याच एका जेवणाची वाट बघतो म्हणे. त्याला रिकाम्या खुर्चीसमोर बसवू?”

मॅरेनला नाही म्हणवेना.

“आणि हो,” ग्लेंडा म्हणाली, “जेवणानंतर ते लॉर्नाच्या संग्रहातला एक दगड देतात आणि ओळखायला सांगतात.”

“मेले.”

खिडकीजवळच्या टेबलाशी हाउगेन आधीच येऊन बसले होते. कोटाच्या बाह्या पार बोटांपर्यंत उतरल्या होत्या. वयानं माणूस आटतो, मॅरेनला वाटलं. छातीवरचा नावाचा टॅग ते सारखा चाचपत होते. फोटोवाला आला तसे ते लगबगीनं म्हणाले, “फोटो नको, बाबा. या थोबाडाचा काय फोटो काढायचा.”

मॅरेनला ते तिथंच आवडले.

“अभ्यास कसा चाललाय, पोरी?”

“चाललाय,” ती म्हणाली. “दगडांचा काही अंत नाही.”

“खरंय. लॉर्नाकडे तर जिकडेतिकडे दगड. कॉफीला गेलं, की सिंकमध्ये दगड, खुर्चीत दगड. बसायचं कुठं?” ते हसले आणि एकदम थांबले. “म्हणजे, स्वयंपाकघरात गेलं की.”

“आठवण येत असेल.”

“येते ना.” त्यांनी मान खाली घालून चिकनचा तुकडा कापला. “संध्याकाळी खिडकीत दिवा दिसत नाही. त्याची काही सवय होत नाही बघ.”

मॅरेननं काटा खाली ठेवला. या माणसाला आपण थापा मारतोय. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं पाणी प्यायलं आणि ठरवलं, की निदान एक तरी गोष्ट खरी सांगायची. मग तिनं आपल्या आजोबांविषयी सांगितलं. आजी गेल्यावरही ते टेबलावर दोन कप मांडायचे. हाउगेन ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. शेवटी गोड म्हणून रूबार्ब-पाय आला तेव्हा स्वतःच्या ताटलीतला अर्धा त्यांनी तिच्या ताटलीत सरकवला.

मग खिशातून रुमालात गुंडाळलेला दगड निघाला. फिकट राखाडी, एका अंगाला चिमुकल्या शिंपल्याचा ठसा.

“सांग बघू, कोणता?”

मॅरेननं दगड उलटसुलट करून पाहिला. सकाळी घाईघाईनं वाचलेलं सगळं डोक्यातून उडून गेलं होतं.

“ग्रॅनाइट,” ती म्हणाली.

हाउगेननी सुटकेचा श्वास टाकला. “बरोब्बर! शाब्बास.”

“मिस्टर हाउगेन, मला तुम्हाला एक सांगायचंय...”

“राहू दे, राहू दे.” ते गडबडीनं उठले. “खूप शिक. तुझी शिष्यवृत्ती कधी बंद पडणार नाही, तशी सोय करून ठेवलीय. आईला माझा नमस्कार सांग.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ते बाहेर पडल्यावर ग्लेंडा धावत आली. “जमलं?”

“जमलं. दगडही ओळखला. हा ब्रुकला पाठवून देऊ, तिचाच आहे.”

ग्लेंडानं दगड हातात घेतला. “काय सांगितलंस?”

“ग्रॅनाइट.”

“माझा बाप जन्मभर चुनखडीच्या खाणीत होता, मॅरेन. ही चुनखडी आहे. शिंपला असलेला ग्रॅनाइट कुणी पाहिलाय का?”

“पण ते तर बरोबर म्हणाले.”

लॉर्नाबरोबर जन्म काढलेल्या माणसाला चुनखडी ओळखू येणार नाही? म्हणजे त्यांनी सगळं ओळखलं होतं, आणि आपला पाणउतारा होऊ नये म्हणून गप्प राहिले. मॅरेनला भडभडून आलं. माफी मागायला ती धावत बाहेर गेली. पण गाडी फाटकातून वळलीसुद्धा होती. ती पायरीवर उभी राहून नुसताच हात हलवत राहिली.

गाडीत म्हाताऱ्यानं कोट उतरवला, नीट घडी घातली आणि मागच्या सीटवर ठेवला.

“काय झालं?” गाडी चालवणाऱ्या बर्निसनं विचारलं. “पोरीला संशय आला?”

“छे. हुशार पोर आहे. दगड बघताक्षणी ओळखला. मला त्यातलं काय कळतंय, मी आपलं बरोबर म्हटलं.” त्यानं कोटावरून काढून घेतलेल्या टॅगवरच्या नावावरून अंगठा फिरवला. “असला शेजारी पुन्हा मिळायचा नाही, बर्निस. मरतानाही व्हर्ननला काळजी कसली, तर त्या पोरीला रिकाम्या खुर्चीसमोर बसावं लागू नये.”