काचेवरची नदी

गोऱ्या साहेबाला पाणमांजरांच्या शिकारीचा फोटो हवा होता, म्हणून खुशालराव पूर्णेच्या काठावर कॅमेरा मांडून काळ्या कापडाखाली वाकला होता. आतल्या काचेवर नदी उलटी उमटायची, खालचं वर, उजवं डावीकडे. पण त्याची नजर इतकी सरावली होती की ते सुलटच वाटे. पाणमांजरं मासे काठाकडे हाकलत होती. त्याची बायको मैना उथळ पाण्यात पाठमोरी उभी राहून उसळणाऱ्या मासोळ्या ओच्यात भरत होती. “अवो, काढा लवकर! मासोया पोटाले गार लागून राह्यल्या!” एकाएकी पाणमांजरं बुडाली ती वर आलीच नाहीत. काचेवर डावीकडून एक ओंडका मैनेकडे सरकला. ओंडक्याला डोळे होते. “मगर! उजवीकडे पय!” तो किंचाळला. कापड फेकून त्यानं पाहिलं, तर मगर उजवीकडेच होती. आणि नवऱ्याच्या शब्दावर विसंबून मैना तिकडेच धावत सुटली होती.