जावई बेटावर येतात

नाकाला रुमाल लावूनच वैजीनाथ होडीत बसला. तळाशी साचलेल्या पाण्यात माशांचे खवले तरंगत होते. त्याने शेरवानीचा घेर गुडघ्यांवर गोळा केला.

"ए बाई, ही होडी हाय का मोरी?"

"सरळ बसा," बांबू रेटत होडीवाली म्हणाली. "हालू नका."

उन्हाने रापलेली, कासोटा खोचलेली, उघड्या डोक्याची बाई. वैजीनाथने एकदा बघितले. दुसऱ्यांदा बघावे असे त्याला काही वाटले नाही.

मानवतला तो एका कापसाच्या जिनिंगात कारकून होता. मालक उन्हाळ्यात थंड हवेला जाई, तेव्हा यंदा आपणही रजा काढून बेटावर हवा खायला चाललोत, असे त्याने साऱ्या पेठेत सांगून ठेवले होते. बेट गोदावरीच्या पात्रातले, सासऱ्याच्या, म्हणजे लिंबाजीच्या वहिवाटीचे. हवा फुकट, टरबुजे फुकट. चुडाव्याच्या स्टेशनात गाडीतून उतरेपर्यंत स्वारी खुशीत होती.

"लिंबाजीची लेक कशी हाय?" त्याने विचारले.

"हाय की."

"मी तिचा नवरा."

बांबू गाळात रुतला आणि जरा उशिराने निघाला.

"दहा वर्सं झाली, माहेरी धाडून दिली तिला," वैजीनाथ म्हणाला. "पोरगीच होती. अंगाला निसता गाळाचा वास. जेवण जाईना मला."

"मग आता वो?"

"आता आई अंथरुणाला खिळली. समदं जागच्या जागी. दुसरी केली होती, ती माहेरी पळाली. मला तर उंबऱ्यातच उमासे येतात." तो पाण्यात पचकन थुंकला. "हिला न्यायची. गाळात वाढलेली, तिला कशाची किळस? सासऱ्याला म्हणायचं, चुकलो, आता मानानं नांदवतो. म्हातारा पाया पडंल."

होडीवालीने मान हलवली. असल्या माणसांपाशी बोलायला वैजीनाथला बरे वाटे. त्यांच्याजवळचे बोलणे कुठे जात नाही.

किळसेच्या बाबतीत तो मोठा हिशेबी होता. दुसऱ्याची घाण चोख मांडून ठेवी, स्वतःची मात्र खात्यावर कधी घेत नसे. बेटावर पाऊल टाकताच मांडामांड सुरू झाली. वाळूत फुटून सडलेली टरबुजे, त्यांवर घोंगावणाऱ्या माश्या. झोपडीपुढे दोरीवर वाळत घातलेले मासे. वरच्या झाडाला वटवाघळे, आणि त्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले नेमके तेच बाजले, जे लिंबाजीने झटकून त्याच्यासाठी मांडले होते.

"बसा जावईबापू. लय दिसांनी आठवण काढली."

"चादर न्हाई का दुसरी?"

चादर आली. डोळ्यांपर्यंत पदर ओढलेल्या एका बाईने ती अंथरली आणि मागच्या पावली आत गेली. वैजीनाथने तिची फक्त टाच पाहिली. भेगाळलेली. त्याने तोंड फिरवले.

"बन्सीधर दिसंना?" त्याने मेव्हण्याची चौकशी केली.

"माल घेऊन पूर्णेच्या बाजाराला गेला. येईल उद्या."

जेवणात मासा होता. पदरवाली बाई ताट ठेवून गेली. तांब्या ठेवताना पाण्यात तिचा अंगठा बुडालेला त्याला दिसला आणि घास तोंडातच फिरू लागला. त्याने काटा काढून वाळूत फेकला, मग दुसरा, मग कानात किल्ली घालून तो मळ काढत बसला. तीच किल्ली शेरवानीला पुसून खिशात गेली.

खरा कळस तर पुढेच होता. होडीवाली सरळ चुलीपाशी येऊन बसली, घरच्या रांजणात तांब्या बुडवून घटाघटा पाणी प्याली. सासू कस्तुराबाईने तिला आपल्या हाताने भाकर वाढली, वर ठेचा वाढला, आणि पाठीवरून हात फिरवला.

"नोकरमाणसांचे लय लाड हायेत तुमच्यात," वैजीनाथ म्हणाला.

कस्तुराबाई चूल फुंकू लागली. तिचे डोळे चुलीच्या धुराने लाल झाले होते.

दुपारभर तो कुशी बदलत राहिला. अंगावर माश्या बसत. अधूनमधून पदरवाली आडोशाने जाई. ना आवाज, ना वर नजर. माहेरात असूनही एवढा पदर! पोर सुधारली म्हणायची. आईचे करायला अशीच पाहिजे, उलटून न बोलणारी. उद्याच निघावे. ही हवा आणखी एक दिवस खाल्ली तर आपल्यालाच अंथरुण धरावे लागेल.

उन्हे उतरल्यावर त्याने लिंबाजीला समोर बसवले.

"मामा, चुकी झाली माझी. वय न्हवतं समज यायचं. आता मानानं नांदवतो. घरची मालकीण होऊन ऱ्हाईल."

लिंबाजी पुढे सरकला. दहा वर्षे हे ऐकायला तो थांबला होता.

"तिच्या मनावर हाय, जावईबापू. तिलाच इचारा."

"इचारायचं काय त्यात?" वैजीनाथ उठला. आडोशाला उभ्या पदरवालीसमोर जाऊन त्याने गळा मऊ केला. "ऐकलं न्हवं? बोचकं बांध. उद्या सकाळच्या गाडीनं निघू. माझ्या आईला तर तुझ्याबिगर करमंना."

ती बाई दचकून कस्तुराबाईच्या पाठीमागे शिरली.

"पावणं," कस्तुराबाई म्हणाली, "ती छबू हाय. आमच्या बन्सीची बायको."

वैजीनाथ दोन पावले मागे सरकला. मान खाली घालून लिंबाजीने काठाकडे हाक मारली, "झुंबर, ए झुंबर! तुझा नवरा न्यायला आलाय. जातीस का, बाई?"

होडीतले पाणी उपसता उपसता ती म्हणाली, "मला काय इचारता, बाबा? येतानाच समदं सांगून झालंय त्यांचं."