दर्याला दिलेल्या बांगड्या

स्वतंत्र देशाच्या खाणउद्योगाचा पाया घालणारे शेठजी सुट्टीला मुरुडात उतरले, तेव्हा गावानं त्यांचा सत्कार ठेवला. ओवाळायला बोलावलेल्या सवाष्णींत कोळीवाड्यातली नीराबाई होती. तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, उजवा मोकळाच. निरांजनाच्या उजेडात शेठजींना ते दिसलं. “या हातात बांगड्या का नाहीत?” “लग्नात आमी कोळणी या हाताच्या बांगड्या दर्याला देताव. मंग दर्या घरधन्याला राखतो.” “म्हणजे यजमान होडीवर असतात?” “न्हाय. तुमच्या खाणीत हाय. पाणी शिरलं, तवापासून वर आला न्हाय.” सनई मध्येच थांबली. प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून तिनं कुंकू पुसलं नव्हतं. आता तिला आपली चूक उमगली. तिनं डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि शेठजींच्या मानाच्या नारळापाशी ठेवल्या. “खाणीत टाका ह्या, शेठ. भुईला द्यायच्या राहिल्या व्हत्या.”