टेकायला जागा

बारशाला जमलेल्या बायका ओटी भरायला खोळंबल्या होत्या आणि शर्वरी पाटाशेजारी भिंतीला धरून उभीच होती. बाळंतपणापासून तिचं माकडहाड ठणकत होतं. बसलं की खिळा टोचल्यासारखी कळ थेट मस्तकात जायची. बाळाला ती ओट्याला टेकून पाजायची, जेवायचीही उभ्यानेच. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल.

“आमच्या वेळी नव्हती हो असली दुखणी,” आत्येसासूबाई म्हणाल्या.  शर्वरी पाटावर बसायला वाकली.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सोफ्यावरची नवीकोरी उशी उचलली, कात्रीने एका कडेचा फोम चांगला ओंजळभर कापून काढला आणि उशी खुर्चीवर ठेवली. “ही खाच मागे येऊ दे. जराशी पुढे झुकून बस, म्हणजे हाड टेकणार नाही.”

शर्वरी जपून बसली. कळ आली, पण सोसवेल इतकीच. “तुम्हाला कसं सुचलं?”

“तुझ्या नवऱ्याच्या वेळी मीही उभ्यानेच जेवायचे. सगळ्या नखरे म्हणायच्या, म्हणून मग बोलायचंच सोडलं.” त्या नणंदेकडे वळल्या. “वन्सं, ओटी खुर्चीवरच भरा.”

ओटी भरून झाली, बाळाला पाळण्यात घातलं, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. दुसऱ्याच कडव्याला, बाळाच्याही आधी, शर्वरीचा बसल्या बसल्या डोळा लागला. सासूबाईंनी बायकांना आवाज लहान करायची खूण केली.