करंगळी

"नुसतं बघू नका, ताई. बोट घाला," मास्तर म्हणाले.

मी बंदूक उघडून नळीत करंगळी घातली. काडतूस नव्हतं. "रिकामी!" शिकवल्याप्रमाणे मी मोठ्याने म्हणाले.

बंदूक दुरुस्तीच्या वर्गात मी एकटीच बाई. नवरा हेच काम दुकानात बघून बघून शिकला होता. एकदा, एकदाच, बोट घालायचं राहून गेलं.

दुपारी घरी आले तेव्हा लेक झोपली होती. तेलाचा वास येणारी तीच करंगळी मी रोजच्यासारखी तिच्या नाकाखाली धरली. बोटाला श्वास लागला. तरी पुन्हा धरली.

"भरलेली?" तिने डोळे उघडून विचारलं. तिला हा खेळ वाटतो.

"भरलेली गं!"

ती उठली, बाबाच्या फोटोपाशी गेली, इवलीशी करंगळी त्याच्या नाकाखाली टेकवली आणि माझ्यासारखंच मोठ्याने म्हणाली, "रिकामा!"